वाहतूक व नाश्ता

काल संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग आणायला गेलो आणि तिथंच माझा अपमान झाला, तोही रंगीत प्रिंटमध्ये, पैसे माझेच.

विषय असा, की माझी पोरगी आणि तिच्यासोबतची ९ पोरं रोबोट करतात. फर्स्ट टेक चॅलेंज म्हणून स्पर्धा असते, दरवर्षी सप्टेंबरात नवीन खेळ जाहीर होतो आणि मग १२ बाय १२ फुटाच्या मैदानात अडीच मिनिटं रोबोट पळवायचा, एवढ्यासाठी आमच्या घराचा हॉल सहा महिने गॅरेज होतो. हा आमचा तिसरा सीझन. जजांच्या बक्षिसांसाठी रोबोटसोबत एक वही पण द्यावी लागते, पोर्टफोलिओ म्हणतात, कव्हर सोडून १५ पानं, सोळावं चालत नाही. तर पान ११ वर 'आमचे मेंटॉर'. त्याखाली अर्धं पान भरून अण्णांचा फोटो, टोपीसकट. आणि पानाच्या तळाला, लग्नपत्रिकेत प्रेसचं नाव असतंय त्या साइजमध्ये, माझं नाव आणि पुढं कंसात : वाहतूक व नाश्ता.

तीन सीझन!

वर दुकानातला पोरगा विचारतोय, "सर, ह्या पानाला लॅमिनेशन करू काय?"

अण्णा कोण ते सांगतो. जानेवारीत मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या हॉलात पोरांचा डेमो ठेवला होता. याला आउटरीच म्हणायचं, म्हणजे आपल्याला येतंय ते गल्लीतल्या पोरांना शिकवायचं. (आधीच्या महिन्यात एका शाळेत सिरिंज आणि पुठ्ठ्याचा हात करायला शिकवला होता, तिथं चौथीतल्या एका भिडूनं पाण्याची अख्खी सिरिंज माझ्या शर्टवर मारली, पण ते जाऊ दे.) हॉलात ४० पोरं आणि एका कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले एक आजोबा. पांढरा पायजमा, पांढरी टोपी. "अण्णा, इथं कार्यक्रम आहे" असं दोघांनी सांगून बघितलं. "व्हय, होऊ दे की," म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

रोबोट बाहेर काढला तसा पेपर खाली आला.

"ह्ये काय हाय?"

"रोबोट आहे, अण्णा."

"करतंय काय?"

"चेंडू उचलतंय आणि तिकडं टोपल्यात टाकतंय."

"कशाला?"

आता बघा, तीन वर्षांत मला पालकांनी विचारलं की याचे बारावीला मार्क मिळतात काय, एका कारखानदारांनी विचारलं की आमचा लोगो केवढा येणार, पण कशाला हे कुणी विचारलं नव्हतं. याचं अधिकृत उत्तर मला पाठ आहे. डीन केमन म्हणून अमेरिकन माणूस, तोच ज्यानं ती उभ्यानं चालवायची दोन चाकी सेगवे काढली, त्यानं १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था सुरू केली, म्हणणं असं की पोरं खेळाडूंसाठी जशी वेडी होतात तशी विज्ञानासाठी व्हावीत. वाक्य झकास आहे. फक्त ते कोल्हापुरात पेठेत उभं राहून म्हणून बघा. इथं पाटाकडील विरुद्ध दिलबहार फुटबॉल असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, आणि आमच्या रोबोटला बघायला येतात ते आईबाप, तेही गाडी डबल पार्क करून. म्हणून मी ते वाक्य गिळलं आणि म्हणालो, "पॉइंट मिळतात."

"पैसं?"

"नाही. पैसे आपणच भरायचे."

"म्हंजे मशीन तुमीच करायचं, पैसं तुमीच भरायचं आणि हितला चेंडू तितं टाकायचा."

"होय."

"रेवड्यावरची कुस्ती बरी की मग. रेवड्या तरी मिळत्यात."

पोरं फिदीफिदी हसली. माझी पण हसली. मी विषय सावरायला गेलो, की अण्णा, यात पहिली ३० सेकंद कुणी हात लावायचा नाही, रोबोट स्वतःच्या डोक्यानं चालतो, मग २ मिनिटं पोरं रिमोटनं चालवतात, आणि सुरुवातीला सगळं धूड १८ इंचाच्या खोक्यात बसायला लागतंय, एक सूतसुद्धा जास्त चालत नाही.

"दीड फूट," अण्णा म्हणाले. मग बोटं मोजली. "अडीच मिनटाला किती म्हैनं?"

"सहा."

मला वाटलं आता हा माणूस आमची काढणार. तर अण्णा गंभीरपणे मान हलवून म्हणतात, "शर्यतीच्या बैलाचं बी तसंच असतंय. वरीसभर पेंड चारायची आन पळणार मिनिटभर." आणि पेपरची घडी घालून खुर्ची ओढून पुढं येऊन बसले. एवढ्या वर्षांत हा खेळ इतक्या पटकन कुणाला समजलेला मी बघितला नाही, हे कबूल करतो, पण राग आहे तो आहेच.

तर रोबोट सुरू केला. पोरांनी त्याचं नाव 'खटका' ठेवलंय, खटक्यावर बोट जाग्यावर पलटी यातला, आणि गेल्या वर्षी पुण्यात दुसऱ्याच मॅचमध्ये तो खरोखर जाग्यावर पलटी झाला, त्यामुळं नाव बदला म्हणून मी आजही सांगतोय. डेमोत तो सरळ जाईना. डावं पुढचं चाक नुसतं थरथरायचं, बाकी तीन फिरायची आणि सगळं मशीन देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखं गोल. पोरं लॅपटॉपला चिकटली. मी म्हणालो एन्कोडर बघा, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर. मग म्हणालो वायर बघा. मग म्हणालो कोडमध्ये साइन उलटी पडली असंल. वीस मिनिटं गेली. हे सगळं मी हातात एक्स्टेन्शन बोर्ड धरून बोलत होतो, कारण हॉलातलं सॉकेट ढिलं होतं आणि बोर्ड सोडला की लॅपटॉपचं चार्जिंग जायचं.

आणि मी हात लावत नव्हतो, हे नोंद करा. या स्पर्धेत रीत अशी की मोठ्यांनी सांगायचं, करायचं पोरांनी. ही रीत पाळायला मी तीन वर्षं हात खिशात घालून उभा आहे, समोर पोरगं स्क्रू उलटा पिळतंय हे दिसत असताना.

अण्णा उठले. गुडघ्यावर बसले. कान चाकाजवळ नेला. "ए पोरा, हळू फिरीव." मोटर गुंई करून फिरली. "शाफ्ट फिरतोय, चाक न्हाई फिरत. ग्रब ढिला झालाय. एलंकी आण."

मी म्हणालो, "अण्णा, ते सॉफ्टवेअरचं..."

"तुमी बोर्ड धरा."

मोटरचा शाफ्ट सहा एमएमचा, एका बाजूनं सपाट तासलेला असतो. ग्रब म्हणजे चाक शाफ्टवर आवळणारा बारका स्क्रू, तो त्या सपाटीवर बसायला पाहिजे. आमच्या पोरांनी तो गोल बाजूवर आवळला होता, त्यामुळं जोर आला की घसरायचा. अण्णांनी तो सोडवला, अंगठ्यानं सपाटी चाचपली, शाफ्ट पाव फेरा फिरवला, आवळला, आणि शेवटचा पीळ मात्र माझ्या पोरीला द्यायला लावला. "कंपनीनं सपाट उगंच केलंय व्हय गं?" चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढलेला माणूस. ऑइल इंजिनं केलेली. खटका सरळ गेला, चेंडू टोपल्यात, पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. फोटो निघाला. पान ११ वरचा तोच. नीट बघितलं तर डाव्या कोपऱ्यात एक कोपर आणि पांढरा बोर्ड दिसतोय. ते कोपर माझं.

तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी हजर. पोरांना फाइल कशी धरायची शिकवतात, पोरं त्यांना मोबाइलवर थ्री-डी डिझाइन गरागरा फिरवून दाखवतात. बायको त्यांना चहासोबत बिस्किटं देते, मला नुसता चहा.

घरी येऊन पोरीला पान दाखवलं. "हे काय?"

"जजना खोटं सांगून चालत नाही पप्पा. मी खरं तेच लिहिलो."

आता खरं म्हणाल तर खरं हे पण आहे, की चाकं परदेशातून मागवली तेव्हा कस्टमचा भुर्दंड मी भरलाय, तेवढ्यात माझ्या ॲक्टिव्हाचे टायर बदलून झाले असते. लेथ, फाउंड्री, टर्नर, फिटर सगळं गावात दोन किलोमीटरवर, पण मॅच खेळायची तर सव्वादोनशे किलोमीटर पुणे गाठा. आणि पोरं टिकतात कुठं? स्पर्धा बारावीपर्यंतच्या पोरांना खुली आहे, पण आपल्याकडं दहावी झाली की क्लास. गेल्या जूनमध्ये आमच्या सगळ्यात चांगल्या प्रोग्रॅमरची आई येऊन टीमचा टी-शर्ट परत देऊन गेली, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. "आता दोन वर्षं काही नको हो दादा," म्हणाल्या. तो टी-शर्ट अजून कपाटात आहे. दुसऱ्या पोराला द्यायला काढतो आणि परत ठेवतो. हे कुठल्या पानावर टाकायचं, १५ पानं तर भरली.

परवा पहाटे ५ ला निघायचंय. गाडी मी काढणार, अर्थात. रात्री पोरीचा मेसेज आला, शेजारच्या खोलीतून : अण्णा पण येणारेत, ते पुढच्या सीटवर बसणार, मागं बसलं की त्यांना गाडी लागते. चहा बिनसाखरेचा. आणि नाश्त्याला वडे नकोत, अण्णांना तेलकट चालत नाही, पोहे करून घ्या, १२ जणांचे.