'लिस्टपी' हो म्हणालं म्हणून काय झालं?

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये कॅम्पस मुलाखतींच्या तोंडावर एक तयार उतारा या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत टाइप (आकडा, स्ट्रिंग, लिस्ट अशा जाती) नसतातच, एखादी गोष्ट लिस्ट आहे का हे बघायचं तर 'लिस्टपी' लावा आणि 'टी' (म्हणजे 'हो') आलं की बिनधास्त वापरा, 'टाइप-ऑफ' विचारलं तरी तेच कळतं, आत फक्त आकडे हवे असतील तर तसा टाइप जाहीर करा, बाकीचं कंपायलर बघून घेतो. यातलं एकही वाक्य धड उभं राहत नाही. माझं बोलणं लिस्पच्या कॉमन लिस्प या बोलीबद्दल आहे, जिचं एएनएसआय या अमेरिकी प्रमाणसंस्थेचं प्रमाण १९९४ साली आलं. दुसरी बोली आली की तिचं नाव घेईन.

टाइप नसतात म्हणे! असतात, आणि कडक असतात. फक्त ते व्हेरिएबलला नव्हे, व्हॅल्यूला चिकटलेले असतात. ५ चा 'कार', म्हणजे लिस्टचा असतो तसा पहिला घटक, मागून बघा, नेहमीच्या सेटिंगमध्ये टाइप-एरर तोंडावर येतो. एसबीसीएलसारखा कंपायलर तर कित्येकदा प्रोग्राम चालण्याआधीच कुरकुरायला लागतो.

खरी गोम आहे 'लिस्टपी'त. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं, तेव्हापासून लिस्ट म्हणजे कॉन्सची साखळी. प्रत्येक कॉन्सला दोन कप्पे: 'कार'मध्ये घटक, 'कुडर'मध्ये पुढच्या कॉन्सचा पत्ता, आणि शेवटच्या कुडरमध्ये निल, म्हणजे रिकामी लिस्ट. 'लिस्टपी' विचारतं ते एवढंच: हातात आलेली वस्तू कॉन्स किंवा निल आहे का? पुढे ते एक पाऊलही टाकत नाही. चाटी गल्लीत वरची एक चादर चाचपून अख्खा गठ्ठा उचलणाऱ्या गिऱ्हाइकाचा हा प्रकार.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसची काही स्टेशनं घेऊ: (सोलापूर कुर्डुवाडी दौंड पुणे). ही सरळ लिस्ट, टोकाला निल. आता (सोलापूर . पुणे) बघा. हा एकच कॉन्स आहे आणि त्याच्या कुडरमध्ये थेट पुणे बसलंय. 'लिस्टपी' दोन्हींना 'टी' म्हणतं. दुसरीची 'लिस्ट-लेंग्थ' (लांबी) मागितली की मात्र टाइप-एरर. तिसरा प्रकार आणखी बेरकी. पहिल्या लिस्टमधल्या पुण्याच्या कॉन्सचा कुडर उचलून परत सोलापूरच्या कॉन्सकडे वळवा. साखळी गोल झाली, तिला टोकच उरलं नाही. 'लिस्टपी' इथेही खूश! 'लिस्ट-लेंग्थ' मात्र गोल साखळी ओळखून निल देतं.

उतारा लिहिणाऱ्याने बहुधा दोन बोली एकत्र कालवल्यात. स्कीम या दुसऱ्या बोलीतलं 'लिस्ट?' खरोखर टोकापर्यंत चालत जातं, गोल साखळीत अडकत नाही आणि (सोलापूर . पुणे)ला साफ नाही म्हणतं. ईमॅक्स या एडिटरमधल्या लिस्पचं 'लिस्टपी' कॉमन लिस्पसारखंच आहे, म्हणून तिथे २७.१ आवृत्तीत 'प्रॉपर-लिस्ट-पी' आणलं: लिस्ट नीट असेल तर लांबी, नसेल तर निल. क्लोजर या बोलीची तऱ्हाच वेगळी. तिथे लिस्टच्या डोक्यावर 'कॉन्स'ने एक घटक चढवला की 'लिस्ट?' त्याला लिस्ट मानत नाही. का बे, कालपर्यंत तर होती ना लिस्ट!

'टाइप-ऑफ'चं चटकन उरकतो. भरलेल्या लिस्टवर ते कॉन्सच्या जातीचं उत्तर देतं, रिकाम्यावर 'नल'. त्याचं उत्तर 'लिस्ट'शी जुळवून बघणारी अट कधीच खरी ठरत नाही. तिथे 'टाइपपी' किंवा 'टाइपकेस' वापरा. निल एकाच वेळी सिम्बॉलही आहे आणि लिस्टही, तेव्हा 'टाइपकेस'मध्ये सिम्बॉलची फांदी आधी लिहिलीत तर रिकामी लिस्ट तिकडेच जाईल.

राहिला प्रश्न आतल्या घटकांचा. (लिस्ट इंटिजर) असा टाइप कॉमन लिस्पमध्ये लिहिताच येत नाही. (कॉन्स इंटिजर लिस्ट) चालतो, पण त्यात पहिला घटकच तपासला जातो. 'सॅटिस्फाइज'ला एखाद्या फंक्शनचं नाव देऊन सगळे घटक तपासता येतात, मात्र तिथे लॅम्ब्डा (बिननावाचं फंक्शन) चालत नाही. शिवाय प्रत्येक तपासणीत पूर्ण साखळी चालावी लागते. आणि एवढं करून हमी किती काळ? कॉन्स बदलता येतो. आत्ता तपासलेल्या लिस्टच्या मधल्या कॉन्सवर कुणी 'आरप्लॅका' चालवून आकड्याच्या जागी स्ट्रिंग ठेवली, तर तुमच्या पहिल्या कॉन्सला त्याचा पत्ताही लागत नाही. कंपायलरने असलं वचन द्यायचं तरी कशाच्या भरवशावर?

म्हणून डेटा बाहेरून येतो त्या दारातच एकदा पूर्ण तपासणी करावी. अलेक्झांड्रिया लायब्ररीत त्यासाठी 'प्रॉपर-लिस्ट-पी' तयार आहे. आतल्या लूपमध्ये टोक ओळखायला 'नल'ऐवजी 'एंडपी' लावा, म्हणजे सुरक्षित कोडमध्ये टोकाला निलऐवजी पुणे सापडलं तर तिथल्या तिथे एरर मिळेल. आणि सगळे आकडेच ठेवायचे असतील तर लिस्टचा हट्ट कशाला? 'मेक-अरे'ला घटकांचा टाइप सांगून सरळ व्हेक्टर घ्या.