ग्लायडर ‘उडत्या शवपेट्या’ होते?

दुसऱ्या महायुद्धातल्या ग्लायडरांबद्दलचा, म्हणजे दुसऱ्या विमानानं ओढत न्यायच्या बिनइंजिनाच्या विमानांबद्दलचा, एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात तीन दावे आहेत: ग्लायडर म्हणजे लाकडी शवपेट्या, ते नेमक्या जागी कधी उतरलेच नाहीत, आणि छत्रीधारी सैनिक असताना त्यांची गरज नव्हती. तिन्ही चूक आहेत.

ब्रिटिश होर्सा ग्लायडर लाकडीच होता. पण अमेरिकी वाकोच्या धडाला पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वरून कापड होतं. सिसिलीत जुलै 1943 मध्ये 60हून अधिक ग्लायडर समुद्रात पडले, अडीचशेच्या आसपास सैनिक बुडाले. हे वाचताना आजही पोटात तुटतं. मात्र त्यांचा घात लाकडानं केला नाही. वारा जोराचा होता, अंधार होता, आणि ओढणाऱ्या विमानांनी किनारा लांब असतानाच त्यांना सोडून दिलं.

नेमकेपणाचं म्हणाल, तर 6 जून 1944च्या मध्यरात्री नॉर्मंडीत ब्रिटिश वैमानिक जिम वॉलवर्कनं होर्सा काँ कालव्याच्या पुलापासून 50 मीटरच्या आत टेकवला. इंजिन नाही, दुसरी संधी नाही. काही मिनिटांत पूल ताब्यात आला.

तिसऱ्या दाव्याचं उत्तर तर आपल्या आसामातून उडालं. 5 मार्च 1944च्या रात्री लालाघाटहून निघालेले वाको उत्तर बर्मात, जपानी फौजांच्या पिछाडीला, ‘ब्रॉडवे’ नावाच्या माळावर उतरायचे होते. एकेक डकोटा मालवाहू विमान दोन-दोन ग्लायडर ओढत डोंगर ओलांडत होता. ओझं जास्त, त्यामुळे दोर तुटले. निघालेल्यांपैकी जेमतेम निम्मे पोहोचले. माळावरच्या गवताखाली सागाचे ओंडके ओढून पडलेल्या चऱ्या होत्या. आधीचे ग्लायडर त्यांत अडकून मोडले, मागून येणारे त्यांच्यावर आदळले. माणसं मेली. दोन-दोन ग्लायडर जोडायचा तो निर्णय माझ्या मते चुकीचाच होता, आणि टीका करायचीच तर त्याच्यावर करा.

पण मोडक्या ग्लायडरांतून छोटे बुलडोझरही आले होते. छत्रीनं ते उतरवायची सोय चिंडिटांकडे, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला लढणाऱ्या या ब्रिटिश-भारतीय फौजेकडे, नव्हती. त्याच बुलडोझरांनी दिवसभरात धावपट्टी सपाट केली. दुसऱ्याच रात्री तिच्यावर सुमारे 60 डकोटा उतरले. ब्रॉडवे आणि चौरंगी नावाच्या दुसऱ्या धावपट्टीवर मिळून आठवडाभरात सुमारे 9,000 सैनिक आणि हजारावर खेचरं-घोडे पोहोचले. एवढी खेचरं छत्रीनं कशी उतरवली असती?