वर बघा, मालक!

सोलापुरात माणूस पायी चालताना दिसला, तर त्याला दोनच कारणं शोभतात. एक तर डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलंय, नाहीतर संक्रांत जवळ आलीय आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेचे नंदीध्वज निघालेत. तिसरं कारण लोकांना पटत नाही. ओळखीचा कुणीतरी गाडी थांबवतो, "बसा की मागं" म्हणतो. नको म्हटलं, तर घरी जाऊन बायकोला सांगतो, "त्यांचं काहीतरी बिनसलंय."

अशा गावात आमच्या पुण्याच्या भाच्यानं मला हेरिटेज वॉकला नेलं.

"मामा, बुकिंग केलंय. तुमचं आणि मामीचंपण."

मला वाटलं विजापूर. गोल घुमट, उसाचा रस, संध्याकाळी परत.

"विजापूर नाही हो. इथंच. आपलं सोलापूर."

सोलापूरकरांनी सोलापूर बघायला पैसे द्यायचे? पंढरपूरच्या बडव्यांनाही हे सुचलं नव्हतं. मी नाही म्हणणारच होतो, पण भाचा म्हणाला, "पैसे भरलेत," आणि स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "किती वाजता निघायचंय?" पैसे भरलेत म्हटल्यावर आमच्या घरात ताप असला तरी जातात.

रविवारी सकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जमायचं होतं. गाईड म्हणजे एक तरतरीत आर्किटेक्ट मुलगी. शिक्षण मुंबईचं, आजोळ अक्कलकोटचं, गळ्यात माइक आणि कमरेला छोटा स्पीकर. तिनं प्रत्येकाला एक पांढरी टोपी दिली. टोपीवर छापलं होतं, 'मी वारसाप्रेमी'. मुंबई-पुण्यात अशी टोपी खपून जाते. इथं चौकाचौकात आपले साडू, व्याही आणि पूर्वीचे साहेब उभे असतात. मी टोपी हातात धरून उभा राहिलो.

"काका, घाला ना," ती म्हणाली. घातली.

तिनं सुरुवात चांगली केली. १९३० सालचा मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ही नावं इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात, तरी ती पुन्हा ऐकताना सगळे गप्प झाले आणि टोप्या आपोआप उतरल्या. नंतर सगळ्यांनी त्या परत घातल्या. मी मात्र आदर कायम ठेवला.

तिथून इंद्रभुवन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अप्पासाहेब वारदांनी बांधलेला हा वाडा आता महापालिकेची इमारत आहे. सोलापूरकरानं ही इमारत पाहिलेली असते ती काउंटरच्या उंचीपर्यंत. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि मधल्या काळात घरपट्टी. त्याच्या वर इमारत आहे, तिला खांब आहेत, कमानी आहेत, नक्षी आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय दिसत नाही, कारण मान खाली घालून फॉर्म भरायचा असतो. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं, त्यानंतर या वाड्याचंही नशीब उजळलं. आता तो खरोखर देखणा दिसतो. एवढा, की आत जाऊन काही मागायला संकोच वाटावा.

"वर बघा," गाईड म्हणाली. त्या सकाळी हे दोन शब्द तिनं इतक्या वेळा उच्चारले, की संध्याकाळी माझ्या मानेला हिनं निलगिरी तेल चोळलं.

जुन्या इमारती दुरुस्त कशा करतात, हे मात्र तिनं झकास सांगितलं. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतली ओल आतल्या आत कोंडते आणि दगड-वीट आतून खराब होत जाते. चुन्याचं तसं नाही. चुना ओल बाहेर जाऊ देतो. "चुन्याची भिंत श्वास घेते," ती म्हणाली. पूर्वी चुना घाण्यात मळायचे आणि त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा, मेथी असं काय काय घालायचे.

"अगंबाई," ही म्हणाली, "बाळंतिणीला देतात तेच की!"

सगळे हसले. गाईडनं ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या वॉकला हे वाक्य ती स्वतःचं म्हणून वापरणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमच्या घोळक्यात एक निवृत्त मास्तर होते. ते गाईडच्या प्रत्येक वाक्यानंतर अर्धं वाक्य बोलायचे. ती म्हणाली, "१८६० साली सोलापूरला रेल्वे आली." मास्तर म्हणाले, "जून." ती म्हणाली, "१८७७ ची ही गिरणी, मोरारजी गोकुळदासांची." मास्तर म्हणाले, "जुनी मिल." जुनी मिल ही काय भानगड आहे ते भाच्याला कळेना. त्याला सांगितलं, की सोलापुरात गिरणी बंद पडते, यंत्रं भंगारात जातात, कामगार म्हातारे होतात, पण रिक्षावाल्याला 'जुनी मिल' म्हटलं की तो तिथंच सोडतो. पूर्वी गिरणीच्या भोंग्यावर अख्खं गाव उठायचं, भाकऱ्या टाकायचं, पोरांना शाळेत पिटाळायचं. मास्तर म्हणाले, "भोंगा कधीही उशिरा झाला नाही." हे ते माझ्या भाच्याकडे बघून म्हणाले. तो वीस मिनिटं उशिरा आला होता.

भुईकोट किल्ल्यावर मजा आली. दुहेरी तट, बुरूज, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वरांचा तलाव. किल्ला बहामनी काळातला. गाईडनं बांधकामाचं सांगायला घेतलं, पण सगळ्यांचे कान टवकारले ते लग्नाच्या गोष्टीला. सोळाव्या शतकात विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. हुंड्यात सोलापूरचा किल्ला कबूल केला होता. लग्न लागलं, वरात गेली आणि किल्ला काही दिला नाही.

"म्हणजे तोंडीच ठरलं होतं?" शेळगीच्या एका काकूंनी विचारलं.

"हो, तसं म्हणता येईल."

"याद्यांवर सह्या नाहीत?"

"त्या काळी…"

"मग भांडण होणारच की ओ!"

भांडण म्हणजे लढायाच झाल्या. पुढं किल्ला निजामशहानं मिळवला, आणि साधारण चाळीस वर्षांनी चांदबिबी जेव्हा अली आदिलशहाला दिली, तेव्हा हाच किल्ला हुंड्यात परत विजापूरकडे गेला. काकूंना हे फार आवडलं. "एका घरात दोन सुना आल्या-गेल्या म्हणजे देणंघेणं असं फिटतं," त्या म्हणाल्या. मास्तरांना यावर एक सनावळी आठवत होती, पण काकूंपुढं त्यांचं काही चाललं नाही. सोलापूरच्या इतिहासाचा इतका सरळ हिशोब मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही.

नऊ वाजले आणि ऊन लागायला लागलं. फेब्रुवारी संपला की आमच्याकडे नऊला दुपार होते. गाईडनं सांगितलं, अजून चार ठिकाणं. कुणीतरी मागून "बाप रे" म्हणालं.

मला जरा राग आला. याच गावात बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी अडुसष्ट लिंगं स्थापन केली, आणि दर जानेवारीला नंदीध्वज घेऊन लोक त्या अडुसष्टांना चालत जातात. अनवाणी, पांढरी बाराबंदी घालून, उंच नंदीध्वज पेलत. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघायचं, दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा. ना बुकिंग, ना टोपी, ना 'अजून किती?' हे मी मोठ्यानं बोललो. गाईड म्हणाली, "काका, हे तुम्हीच पुढं सांगा ना सगळ्यांना." तेव्हा मी म्हणालो, जरा सावलीत बसू.

खरा प्रसंग नवी पेठेच्या बाजूला, एका जुन्या दुमजली इमारतीपाशी घडला. वर लाकडी तोडे, ओतीव लोखंडाचा कठडा, रंगीत काचांची तावदानं. खालचा अर्धा भाग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सनं झाकलेला. "वर बघा," गाईड म्हणाली. आम्ही पंधरा-वीस माणसं रस्त्याच्या कडेला माना वर करून उभे राहिलो.

सोलापुरात पंधरा माणसं वर बघत असतील, तर सोळावा न थांबता जाऊच शकत नाही. एक दुधवाला थांबला. मग दोन मोटारसायकली. मग भाजीची पाटी घेतलेली बाई.

"कोण चढलंय वर?"

"यारू?"

"एवरू?"

"कौन है रे ऊप्पर?"

चार भाषांत तोच प्रश्न फिरला आणि उत्तरंही तयार झाली. कुणी म्हणालं, पोरगं चढलंय, लग्नाला घरचे नाही म्हणतात. कुणी म्हणालं, कामगार आहे, पगार दिला नाही. पलीकडून येणारे आधी इमारतीकडे बघायचे आणि मग टोपी हातात धरलेल्या माझ्याकडे. त्यांना वाटलं, मी त्या पोराचा बाप. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "काळजी करू नका मालक, उतरेल." नेमका त्याच क्षणी आमचा एक पूर्वीचा साहेब स्कूटरवरून गेला. तो थांबला नाही, पण त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

गाईड पोरगी घाबरली नाही. तिनं माइकचा आवाज वाढवला आणि तोड्यांवरची नक्षी सांगायला सुरुवात केली. तेव्हा इमारतीच्या खालचा पानवाला टपरीतून बाहेर आला.

"मॅडम, एक मिनिट. ते नक्षीचं असू दे. वर काय होतं माहितीये का?"

"रहिवासी मजला असावा."

"टायपिंग क्लास होता. निम्म्या गावाची लग्नं तिथं जमली."

"टायपिंग नव्हे, शिवणक्लास," मास्तर म्हणाले.

"अहो सर, मी जात होतो टायपिंगला!"

"तुम्ही टायपिंगला जात होता, पण तुम्ही बघत होता ते शिवणक्लासकडे."

पानवाला लाजला. दोन्ही क्लास होते, असं शेवटी ठरलं. मग गर्दीतल्या प्रत्येकाला आपापली इमारत आठवायला लागली. इथं घड्याळवाला बसायचा. त्या कोपऱ्यात चादरींचं दुकान, उधारीची वही इतकी जाड की पोरं तिच्यावर उभी राहून शोकेस बघायची. गाईडचं बांधकाम शैलीवर चाललेलं, लोकांचं उधारीवर. तिच्याकडे स्पीकर होता, लोकांकडे संख्या. माझ्या मते लोकांचं ऐकण्यासारखं जास्त होतं, पण ते सगळे एकदम बोलत असल्यामुळं ऐकता मात्र तिचंच आलं. चुना, गूळ, मेथी, श्वास घेणारी भिंत हे तिनं पानवाल्याला पुन्हा समजावून सांगितलं. चुन्याचं नाव निघाल्यावर तो धंद्यातल्या माणसाच्या गंभीरपणानं ऐकत होता.

तेवढ्यात शेळगीच्या काकूंचा फोन वाजला. काकूंनी ऐकलं, पदर खोचला आणि ओरडल्या, "पाणी आलंय!"

गाईड दचकली. "कुठं? तलाव फुटला का?"

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात कुणीच हसलं नाही. दुसरा फोन वाजला, तिसरा वाजला. आमच्या भागाचा दिवस नव्हता, तरी ही म्हणाली, "खात्री काय?" आणि काकूंच्या रिक्षात बसली. वर कोण चढलंय ते बघायला थांबलेले दुधवाले, मोटारसायकली, भाजीवाली, सगळे पांगले. टोप्या मात्र कुणी परत दिल्या नाहीत. उन्हात त्या उपयोगीच पडतात. मास्तर, भाचा, मी आणि ती मुलगी एवढेच उरलो. बाळीवेशीतलं मल्लिकार्जुन मंदिर यादीत बाकी होतं. मास्तर म्हणाले, "बंद असेल." भाचा म्हणाला, "भूक लागलीय." कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही यावर वॉकचा समारोप झाला. त्या मुलीनं शेंगाचटणीचा जास्तीचा एक डबा बांधून घेतला आणि विचारलं, ही चटणी कधीपासून करतात? मास्तरांनाही सन सांगता आला नाही.

भाच्यानं पुण्याला जाऊन त्या सकाळची रील टाकली. तिच्यात इमारती ओझरत्या आहेत, आणि वर बघणारा मी बराच वेळ आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर अजून विचारणा होते, की मामा, वर नक्की काय होतं?

परवा त्याच टपरीवर पान घ्यायला थांबलो. शेजारच्या पोरानं तोंडातला तोबरा सवयीनं भिंतीकडे वळवला, तसा पानवाला आतून ओरडला, "ए बे! भिंत श्वास घेलालीय, तिच्या तोंडावर थुंकलालास?"

पोरगं गोंधळून भिंतीकडे बघत राहिलं. मग त्यानं गाल फुगलेल्या अवस्थेतच हातानं विचारलं, मग कुठं?

पानवाल्यानं रस्त्यापलीकडच्या नव्या कॉम्प्लेक्सकडे बोट दाखवलं. "तिकडं जा. ती सिमेंटची आहे."