तुम्ही कुठल्या गटाचे?

गेल्या सोमवारी माझा फोटो एका सरकारी अर्जाला पुरावा म्हणून जोडला गेला. अर्ज माझा नव्हता.

दिव्यांगांच्या हक्कांसाठी प्रत्येक राज्यात एक सल्लागार मंडळ असावं, असं २०१६ चा कायदा सांगतो. खात्याचे मंत्री अध्यक्ष, मग सचिव, तीन आमदार आणि त्यानंतर आमच्यासारखा किरकोळ माल. त्यात जिल्ह्यांचे पाच प्रतिनिधी, तेही आळीपाळीनं, आणि जिल्हा प्रशासनाच्या शिफारशीशिवाय कुणाचं नाव पुढे सरकत नाही. जिल्हे ३६, जागा ५, मुदत ३ वर्षं. म्हणजे एकदा हुकलं की आपल्या जिल्ह्याचा नंबर पुन्हा यायला किमान २१ वर्षं. नाशिकचा कुंभमेळासुद्धा त्याआधी येऊन जातो. संघटनेतल्या पोरांनी "काका, तुम्हीच भरा" म्हणून गळ घातली आणि मी पायाला कॅलिपर चढवून, कुबडी काखेत मारून अर्ज द्यायला सरकारी कार्यालयात निघालो.

रॅम्पवर दुचाक्या लावलेल्या होत्या, त्यामुळे पायऱ्यांनी वर गेलो. दारातल्या शिपायानं मला बघताच सांगून टाकलं, "तीनचाकी वाटप झालं. आता पुढच्या महिन्यात." मी काहीच विचारलं नव्हतं.

बाकावर भाऊ बसले होते. हे नाव त्यांच्या डाव्या-उजव्या हातांनी इतक्या वेळा घेतलं की मलाही तेच पाठ झालं. पांढरा लिननचा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, आणि खिशाला इतकं महागडं पेन की त्यानं काही लिहिलं असेल असं वाटेना. एका कार्यकर्त्याच्या हातात फाइल, दुसऱ्याच्या हातात पुष्पगुच्छ. पुष्पगुच्छ कुणासाठी, हे अजून ठरलेलं नसावं.

भाऊंनी माझ्या पायाकडे बघितलं, मग कुबडीकडे, मग हातातल्या अर्जाकडे.

"तुम्हीपण मंडळासाठी?"

"हो."

"कुणाच्या कोट्यातून?"

"पोलिओच्या."

भाऊ विचारात पडले. मग कार्यकर्त्याकडे झुकून म्हणाले, "हा कुठला गट रे?"

त्यांची तरी काय चूक? आपल्याकडे पक्ष इतके फुटलेत की पोलिओ नावाचा एखादा गट निघाला असेल तर त्यांनाही कळवायला पाहिजे होतं.

मग भाऊ खुलले. झेडपीला थोडक्यात पडले होते. महामंडळ कबूल झालं होतं, ते दुसऱ्यालाच गेलं. "साहेब म्हणाले, तुझं पुनर्वसन करायचं माझ्याकडे लागलं. तूर्त दिव्यांग घे, पुढचं बघू." हे ते अशा सुरात म्हणाले, की मुलीकडच्यांनी मोटारसायकल कबूल करून सायकलवर भागवलं असावं.

"मानधन किती असतं हो?"

मी म्हटलं, बैठक सहा महिन्यांतून किमान एकदा घ्यावी, एवढंच कायद्यात आहे.

"मग गाडीवर पाटी लावता येईल का? सदस्य, महाराष्ट्र शासन? लाल दिवा तर २०१७ लाच गेला मंत्र्यांचापण." आवाजात घरचं माणूस गेल्याचं दुःख होतं.

मग त्यांनी अभ्यासाला हात घातला. "प्रकार किती असतात आपल्यात?"

'आपल्यात' ऐकून मी गार. म्हटलं, "एकवीस."

"एकवीस! मी समजत होतो हात, पाय, डोळे, कान, संपलं. लिही रे."

मी सांगत गेलो आणि कार्यकर्ता लिहीत गेला. सिकल सेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्यातले पीडित. पार्किन्सनला भाऊंनी थांबवलं. "आमच्या आईला आहे. म्हणजे मी घरचाच निघालो की!" चेहऱ्यावर निखळ आनंद. जरा वेळानं हळूच, "मला शुगर आहे. ती येते का?"

"नाही."

"घालून घेऊ," भाऊ म्हणाले. "एकदा बसलो की घालून घेऊ."

हसायला आलं, खोटं कशाला बोलू. पण चिडचिडही तिथेच सुरू झाली, कारण भाऊ अपात्र नव्हते. मंडळातल्या संस्था-संघटनांच्या दहा जागांवर दिव्यांग माणसं असावीत, आणि तीही शक्यतो. जिल्ह्याच्या प्रतिनिधीला तर तेवढीसुद्धा अट नाही. उलट ज्याला कोर्टानं मनोरुग्ण ठरवलं तो सदस्यत्वाला अपात्र, आणि मानसिक आजार त्याच कायद्याच्या यादीतल्या एकविसांपैकी एक. मुदत संपली तरी पुढचा माणूस येईपर्यंत जुन्यानं बसून राहायचं. जागा रिकामी राहिली म्हणून मंडळाचं कामकाज बेकायदा ठरत नाही, असंही एक कलम आहे. म्हणजे मी नसलो तरी चालतं, हे विधिमंडळाचं नव्हे, थेट संसदेचं मत आहे.

फोटो याच सुमारास निघाला. "एक आठवण म्हणून," असं म्हणत भाऊ उठले, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि दुसऱ्या हातानं कुबडी काढून घेतली. "मी धरतो, तुम्ही आरामात उभे राहा." कुबडीशिवाय मी आरामात उभा राहत नाही, भिंतीला टेकतो. तसा टेकलो. पुष्पगुच्छ अखेर माझ्या हातात आला, क्लिक झालं आणि लगेच परत घेतला गेला. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून पाच मिनिटांत रंगीत प्रिंट आली. पाठीमागे कार्यकर्त्यानं लिहिलं: 'दिव्यांग बांधवांना मदत करताना.' अर्जात रकानाच होता, क्षेत्रातील कार्याचा पुरावा.

भाऊंचा अर्ज आत गेला, शिक्का घेऊन बाहेर आला. माझ्या वेळी बाईंनी प्रमाणपत्र उलटसुलट केलं.

"जुनं आहे हे."

"पोलिओपण जुनाच आहे, मॅडम. दीड वर्षाचा होतो."

"तसं नाही हो काका. सध्या आहे का, ते कळायला पाहिजे ना."

मी टेबलाला धरून उभा होतो. खुर्ची होती, तिच्यावर फायली बसल्या होत्या. सिव्हिल हॉस्पिटलमधून नवीन दाखला आणा, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, प्रत स्वाक्षांकित करा, मग बघू, असं ठरलं. सिव्हिलला दिव्यांग तपासणी आठवड्यातून एकच दिवस असते. रांग उभ्यानं.

काल रात्री भाऊंचा फोन आला. नंबर त्यांनी माझ्या अर्जावरूनच टिपून घेतला होता. आवाजात साखर. "काका, नाव जवळपास फायनल आहे. पहिल्या मीटिंगला बोलायला दोन मुद्दे पाठवा ना व्हॉट्सॲपवर. तुम्ही यातले जाणकार."

मनात आलं, फोन ठेवून द्यावा. पण माणूस मंडळावर जाणारच असेल तर निदान काहीतरी बोलू दे, म्हणून लिहिलं: 'सर्व शासकीय कार्यालयांच्या रॅम्पवर दुचाकी लावण्यास बंदी करावी व दंड आकारावा.'

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तरही आलं.

'हा नको काका. कार्यकर्ते नाराज होतात. एखादा मोठा मुद्दा द्या.'