जीभ नको, नाव वळवा

फर्डं इंग्रजी यावं म्हणून आरशासमोर 'व्ही' आणि 'डब्ल्यू' घोटत बसला असाल, तर थांबा. अस्सल साहेब व्हायचं तर परक्याचं नाव सोयीने मोडता आलं पाहिजे, आणि मोडताना चेहऱ्यावरची रेषही हलता कामा नये.

सुरुवात शत्रूपासून करा. १७५७ साली प्लासीला क्लाइव्हसमोर सिराजउद्दौला उभा होता. एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार? गोऱ्या मंडळींनी त्याचा सरळ 'सर रॉजर डाउलर' करून टाकला. बंगालच्या नवाबाला घरबसल्या 'सर'की मिळाली, तीही राजाला न विचारता! पुढे मोहरममधलं 'या हसन, या हुसेन' कानावर पडलं, तर ऐकू आलं 'हॉब्सन-जॉब्सन'. १८८६ साली याच नावाने अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश निघाला. तुम्ही-आम्ही चुकलो की मास्तर छडी घेतो. चुकावं तर असं, की कोशाच्या मुखपृष्ठावर जाऊन बसावं.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलं, असं मनाला लावून घेऊ नका. बेल्जियममधलं ईप्र पहिल्या महायुद्धात टॉमींच्या, म्हणजे ब्रिटिश शिपायांच्या, तोंडी 'वायपर्स' झालं, इटलीतलं लिव्होर्नो त्याच्या कितीतरी आधी 'लेगहॉर्न' झालेलं. अमेरिकेतल्या केंटकीत व्हर्साय आहे, तिथले लोक त्याला 'व्हर्सेल्स' म्हणतात. आणि १८१७ ची लढाई आपण खडकीला हरलो, पण ते जिंकले 'किर्की'ला.

आता वरच्या वर्गाचा धडा. जो उच्चार आयता जमतो, तो मुद्दाम टाळायचा. 'ताज'मधला ज इंग्रजीत जन्मापासून आहे. 'जज'मध्ये तर दोनदा आहे. तरीही 'प्लेझर'मधला झ शोधून आणायचा आणि म्हणायचं 'ताझ महाल'. बीजिंगचंही तसंच, 'बेइझिंग'. चिनी माणूस गोंधळला तर गोंधळू द्या. शब्द परका आहे ना, मग तो जरासा फ्रेंच वाटलाच पाहिजे. ताजमहाल आग्र्याला आहे, ही किरकोळ बाब.

एवढा सराव झाला की साहेबाकडे जेवायला जा. तुमच्या नावाचं तो काय करेल ते हसतमुखाने ऐकून घ्या. फक्त टेबलावरच्या त्या काळ्या सॉसला स्पेलिंग वाचून 'वॉर्सेस्टरशायर' म्हणू नका. ते 'वूस्टरशर' आहे. नावं नीट उच्चारायला नकोत का?