वहिनीच्या आठ रात्री

या दिवाळीत दादा-वहिनींनी आईला आठ रात्री बडोद्यातल्याच एका शुश्रूषागृहात ठेवलं आणि मुलाला घेऊन ते गणपतीपुळ्याला गेले. भाऊबीज झाल्यावर निघाले, देवदिवाळीच्या आत परत आले. आई ८२ वर्षांची आहे. पाच वर्षांपूर्वी ती विसरायला लागली, आता उठवण्या-बसवण्यापासून अंघोळीपर्यंत सगळं दुसऱ्यानं करावं लागतं. ते वहिनी करते. दुसऱ्याच दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी लिहिलं, "चार दिवसांच्या मजेसाठी ताईला वृद्धाश्रमात टाकलं. दांडिया बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नाही." त्याखाली एका चुलतभावानं २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याची आठवण करून दिली: आईवडिलांना सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांची कैद होऊ शकते.

मी १९ वर्षं हाम्बुर्गला राहते. आईची चादर बदलणारे हात माझे नाहीत, हे मला रोज टोचतं. तरी लिहितेय, कारण वहिनी ग्रुपवर एक अक्षर बोलली नाही आणि बोलणारही नाही.

आधी कायद्याचं बघू. त्याच्या २४ व्या कलमात तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं आहे खरं. पण कोणाला? कायमचं सोडून देण्याच्या इराद्यानं म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी ठेवून जाणाऱ्याला. परतीची तारीख ठरवून, औषधांचा डबा भरून, रोज दोनदा व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलाला नाही. कायद्याला कळलेला फरक आमच्या ग्रुपला कळला नाही. मूल आपण पाळणाघरात "ठेवतो", आणि आई मात्र "टाकतो"! क्रियापद बदललं की गुन्हा ठरतो.

मामांचं पुढचं वाक्य होतं, "आम्ही आमच्या आईला एक दिवस सोडलं नाही." खरंच सोडलं नाही. म्हणून मी मामींना फोन केला. त्या आधी काही बोलेनात. मग म्हणाल्या, "धाकट्या भावाच्या लग्नाला सांगलीला अक्षतांच्या वेळेला पोचले गं, आणि पंगत उठायच्या आत परतीच्या गाडीला बसले. आजींना दुसऱ्या कुणाच्या हातचं चालायचं नाही." या गोष्टीला ३० वर्षं होऊन गेली. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण गाडीची वेळ त्यांना अजून पाठ होती. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना एक दिवसही सोडलं नाही म्हणतात, तेव्हा त्या घरात कोण एक दिवसही सुटलं नाही, हे विचारायला हवं. बहुतेक घरांत ती सून असते.

माझ्या इथल्या शेजारीणबाई ७६ वर्षांच्या आहेत, नवऱ्याला पार्किन्सन आहे. दर सप्टेंबरात त्या त्याला दोन आठवडे शुश्रूषागृहात ठेवतात आणि बहिणीकडे समुद्रावर जातात. एकदा सोडायला मी बरोबर गेले होते. तिथल्या नर्सनं भरून घेतलेला फॉर्म मला अजून दिसतो. त्यात आजाराचं एक पान आणि माणसाची तीन पानं होती: झोपताना कुठल्या कुशीवर, कशाची भीती वाटते, तरुणपणी काम काय करायचे, कोणत्या नावानं हाक मारलेली आवडते.

जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. माझ्या पगारातून त्याची कपात दर महिन्याला होते, अर्धा वाटा कंपनी भरते. परावलंबनाच्या पाच पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पायरीपासून पुढच्या माणसासाठी वर्षाला आठ आठवड्यांपर्यंत अशी तात्पुरती सोय करता येते, आणि जुलै २०२५ पासून त्यासाठी वर्षाला ३,५३९ युरोंपर्यंत रक्कम मिळते. घरी सांभाळणाऱ्याला सुट्टी हवी असणं हे त्यासाठी पुरेसं कारण मानलं जातं. आजारी पडल्याचं सोंग आणावं लागत नाही.

म्हणजे इथे सगळं छान आहे असं नाही. खोलीचं भाडं आणि जेवणाचे पैसे घरच्यांनाच भरावे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये खाट मिळत नाही. शेजारीणबाई जानेवारीत फोन फिरवायला लागतात, आणि एका वर्षी सगळीकडून नकार आल्यावर घरीच राहिल्या. नवरा परत आला की पहिला आठवडा रात्री उठून "मी कुठे आहे" विचारत राहतो, हेही त्या लपवत नाहीत. आणि एक गोष्ट मला फार लागली. त्या दोन आठवड्यांत शुश्रूषागृहात त्याला भेटायला कोणी गेलं नाही, मी एकदा गेले तेवढंच. बडोद्यात आमच्या शेजारच्या काकू आईकडे एक दिवसाआड डबा घेऊन जात होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. हे कुठल्या विम्यात बसत नाही, आणि आपल्याकडे ते अजून आहे.

पण काकूंच्या डब्यावर व्यवस्था उभी राहत नाही. वहिनीनं जागा शोधायला ऑगस्टमध्ये सुरुवात केली. एका ठिकाणी सांगितलं, आम्ही कायमचेच घेतो. दुसरीकडे आठ दिवसांसाठी तीन महिन्यांचे पैसे मागितले. घरी चोवीस तासांची बाई ठेवावी म्हटलं, तर शाळांना तीन आठवडे सुट्टी असते नेमकी तेव्हाच बाया दाहोद-पंचमहालकडे आपापल्या गावी जातात. त्यांनाही दिवाळी आहे. शेवटी जिथे जागा मिळाली तिथे सगळे गुजराती बोलणारे. आई ६० वर्षं बडोद्यात अस्खलित गुजराती बोलली, पण आता तिच्याजवळ फक्त मराठी उरली आहे. तिसऱ्या दिवशी तिनं जेवण नाकारलं. ती "मऊ भात" म्हणत होती, ते कुणाला कळेना. वहिनीनं गणपतीपुळ्याहून फोनवर समजावलं तेव्हा कुठे वाटी आली. मामांनी यावर काही लिहिलं असतं, तर मी गप्प बसले असते. तिथली माणसं वाईट नव्हती. आठ दिवसांच्या पाहुण्याला कसं सांभाळायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यांना शिकवायला, तपासायला कोणी हवं. त्याच ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या, २०१९ साली लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात अशा गृहांची आणि घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सींची नोंदणी, किमान दर्जा, हे होतं. सतराव्या लोकसभेची मुदत संपली तरी ते मंजूर झालं नाही. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत घेतलं, हे मोठं काम झालं, पण ते पैसे माणूस रुग्णालयात दाखल झाला की मिळतात. घरी पाच वर्षं सांभाळणाऱ्या बाईच्या आठ रात्रींसाठी त्यात काही नाही.

हा घरचा मामला, सरकारनं कशाला पडावं, असं म्हणणाऱ्यांना मी बडोदेकर म्हणून उत्तर देते. मुलाला शाळेत घालायचं की नाही हाही घरचाच मामला होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. म्हणून कुणाची आईबापं मुलांना परकी झाली नाहीत. महाराजांच्या त्याच बडोद्यात सरकारी रुग्णालयाशेजारी दहा-वीस खाटा फक्त तात्पुरत्या मुक्कामासाठी राखायच्या, दोन भाषांत बोलणारी माणसं शिकवून ठेवायची, दर उघड लावायचे आणि ज्याला परवडत नाही त्याचा खर्च उचलायचा, हे मागायला मला लाज वाटत नाही.

आणि जे आम्ही परदेशात बसून पैसे पाठवतो, त्यांची पाळी आधी. मार्चमध्ये मी तीन आठवडे येतेय. वहिनी मिरजेला माहेरी जाणार आहे; "काही करणार नाही, झोपणार," म्हणाली. आईला शुश्रूषागृहात सोडताना तिनं वहीची दोन पानं लिहून दिली होती, त्यांचा फोटो तिनं मला पाठवलाय: चहा बशीत, डाव्या कानानं ऐकू येत नाही, रात्री छोटा दिवा, अंघोळीला पाणी आधी पायावर. खाली वेगळ्या शाईत एक नवी ओळ आहे. तिथल्या एका बाईच्या आठव्या दिवशी लक्षात आलेली, वहिनीला पाच वर्षांत न सापडलेली: गोळी देताना आजींच्या दुसऱ्या हातात काहीतरी धरायला द्या, मग तोंड उघडतात.