विक्सबर्ग: वेढा १८६३ चा, नदी गेली १८७६ ला

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. मिसिसिपी राज्यातलं विक्सबर्ग अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या १८६३ च्या वेढ्यातच संपलं आणि १८७६ ला नदीनं पात्र बदललं त्याला मी नसतं महत्त्व दिलं, हा पहिला. नदीचं पात्र बदललं ते उत्तरेच्या सैन्याचा जनरल ग्रँट याच्या कालव्यामुळे, हा दुसरा. आणि पराभवाच्या दुःखात शहरानं ऐंशीएक वर्षं ४ जुलै (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, आणि १८६३ ला विक्सबर्ग शरण गेलं तो दिवसही) साजराच केला नाही, हे मी गाळलं, हा तिसरा. तिन्ही मला मान्य नाहीत.

वेढ्यानं गाव संपलं असतं तर जनगणनेत ते दिसलं असतं. १८६० ला वस्ती ४,५९१ होती, १८७० ला १२,४४३. मळ्यांवरच्या गुलामगिरीतून सुटलेली हजारो माणसं उत्तरेच्या सैन्याच्या आसऱ्यानं इथं आली आणि नदीवरून कापसाचा व्यापारही पुन्हा सुरू झाला. १८८० ला आकडा ११,८१४ वर उतरतो. याचं खापर एकट्या नदीवर फोडता येणार नाही. १८७८ ला पीतज्वराची भयंकर साथ आली होती. त्याआधी, डिसेंबर १८७४ मध्ये, निवडून आलेले कृष्णवर्णीय शेरीफ पीटर क्रॉस्बी यांना गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं पदावरून हुसकावलं आणि त्यांच्या मदतीला निघालेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली. गावाच्या इतिहासात वेढ्याइतकीच जागा मी या घटनेला देईन.

आता कालवा. विक्सबर्गसमोर मिसिसिपी तीव्र वळण घ्यायची आणि त्या वळणात डी सोटो नावाची जमिनीची लांबट जीभ होती. ती लुइझियाना राज्यात येते. जीभ मुळाशी कापली की कड्यावरच्या दक्षिणेच्या तोफा चुकवून उत्तरेच्या बोटी खाली जातील, हा बेत. जून १८६२ मध्ये जनरल थॉमस विल्यम्स यांनी खोदाई सुरू केली. शिपायांबरोबर आसपासच्या मळ्यांवरून आणलेले हजारावर गुलाम राबत होते. खोदाईपेक्षा नदीचं पाणी वेगानं उतरत गेलं, आजारानं माणसं आडवी झाली आणि जुलैत काम थांबलं. जानेवारी १८६३ मध्ये ग्रँटनं ते पुन्हा हाती घेतलं, पण मुळातली चूक तशीच होती. कालव्याचं वरचं तोंड भोवऱ्याच्या संथ पाण्यात होतं. प्रवाह थेट आत शिरत नसेल तर चर स्वतःला खरवडून खोल करत नाही, उलट गाळानं भरतो. मार्चमध्ये पाणी चढून तोंडावरचा बांध फुटला. वाफेवरचे दोन ड्रेजर गाळ काढायला लावले, पण दक्षिणेच्या तोफांच्या माऱ्यामुळे तेही मागे घ्यावे लागले. महिनाअखेरीस बेत सोडून दिला.

नदीनं जीभ तोडली २६ एप्रिल १८७६ ला, आणि तीही दुसऱ्या ठिकाणी. कालव्याचा एक तुकडा आजही लुइझियानात कोरड्या जमिनीवर जपून ठेवला आहे. नदी त्यातून गेली असती तर तो उरलाच नसता. जीभ तुटण्याचं कारण साधं आहे: वळणाच्या बाहेरचा काठ ढासळत जातो, मधली पट्टी चिंचोळी होते. लांब वळसा घालून पाणी जितकं खाली उतरतं, तितकंच पट्टी ओलांडून अगदी थोड्या अंतरात उतरतं. उतार वाढतो, वेग वाढतो आणि एका पुरात पट्टी फुटते.

मग गावापुढचं जुनं पात्र गाळानं भरू लागलं. पाणी कमी असलं की आगबोटी धक्क्याला लागत नसत. कापसाच्या गाठींवर जगणाऱ्या गावाला हे वेढ्यापेक्षा महाग पडलं. वेढा ४७ दिवसांत संपला होता, ही अडचण २७ वर्षं टिकली. नुसतं गाळ उपसून भागणार नव्हतं, कारण साचलेल्या पाण्यात तो पुन्हा बसतो. म्हणून इंजिनिअरांनी उत्तरेकडून येणारी यझू नदीच जुन्या पात्रात वळवली. १९०३ मध्ये धक्क्याला पुन्हा वाहतं पाणी आलं.

४ जुलैच्या कथेबद्दल थोडक्यात: युद्धानंतर तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी तो दिवस जाहीरपणे साजरा केला आहे. 'शहरानं साजरा केला नाही' म्हणताना ही माणसं शहरात धरलेलीच नसतात.

पडताळायचं असेल तर आजच्या नकाशावर राज्याची हद्द बघा. नदी अचानक सरकली तर हद्द जुन्या पात्रातच राहते. म्हणून डी सोटोचा तुटलेला तुकडा आता नदीच्या पूर्वेला, विक्सबर्गच्या बाजूला असूनही लुइझियानातच मोडतो.